खुणांचं पान

एका माणसाची नाडी धरून अख्ख्या घराची खबर सांगणारा डॉक्टर या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो सुरतेत, उधन्याला, दोन लूम-कारखान्यांच्या मधल्या दहा बाय बाराच्या खोलीत बसत असे. यात अतिशयोक्ती आहे असं कोणाला वाटलं, तर त्याने आमच्या गल्लीत येऊन विचारावं. गल्ली म्हणेल, "मास्तरांनी कमीच सांगितलं." मास्तर म्हणजे मी. महापालिकेच्या मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवतो आहे. कमी सांगणं हा माझा जुना रोग. वर्गातसुद्धा बोलण्याचं बरंचसं काम मी खडूवर सोपवतो. डॉक्टरांविषयीही आजवर कमीच सांगत आलो. त्यातलं जे मुळीच सांगितलं नाही, ते सांगायला आज बसलो आहे. पण आधी डॉक्टर.

डॉक्टरांच्या डाव्या भिंतीपलीकडे चोवीस माग आणि उजव्या भिंतीपलीकडे छत्तीस. दोन्हीकडून दिवसभर खटाखट, खटाखट. टेबलावरची औषधाची बाटली आपण होऊन चालत कडेला यायची आणि डॉक्टर तिच्याकडे न बघता, रांगतं मूल उंबऱ्यावरून मागे ओढावं तशी तिला मागे सारायचे. या गोंगाटात स्टेथोस्कोप लावला की राजाचं हृदय असो की रंकाचं, आवाज एकच. डॉक्टर नवे होते तेव्हा त्यांनी म्हणे एका ठणठणीत हमालाला हृदयविकार ठरवून बाकावर निजवलं होतं, आणि लाइट जाताच तो एकाएकी बरा झाला. तेव्हापासून नियमच पडला: छाती तपासायची ती लाइट गेल्यावर. वीज गेली की सारं उधना कपाळाला हात लावी आणि आमच्या गल्लीतले दमेकरी धावत सुटत. डॉक्टर दारात उभे राहून ओरडत, "छातीवाले पुढे या, पोटवाले थांबा! पोट कुठं पळून जात नाही!" एकदा सलग चार दिवस वीज गेलीच नाही, तेव्हा एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "डॉक्टर, बिजलीवाल्याले चिठ्ठी द्या ना, मना खोकला तपासाना शे." आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली! औषधाच्या कागदावर, सहीनिशी: 'रुग्णाच्या तपासणीसाठी दहा मिनिटे वीज बंद ठेवावी.' मी ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आणि त्या दिवशी मला वर्गात शुद्धलेखन घालायला सुचेना.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. दुखणी राहत. रस्त्यात कोणी भेटलं की, "काय कावीळ, मावशीचा गुडघा कसा आहे?" असं चारचौघांत विचारत. पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्ये काम करणाऱ्या एका मुकादमाने त्यांना मुलाच्या लग्नात मानाने पुढे बसवलं, तर डॉक्टरांनी शेजारच्या पाहुण्यांना ओळख करून दिली: "हे अपेंडिक्स. आणि हे यांचे व्याही, मूळव्याध." मूळव्याध दोन दिवस जेवले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी रिक्षा करून पहिले आले ते डॉक्टरांकडेच, कारण पाहताक्षणी रोग ओळखला असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे तो डॉक्टरांना मुकादमानेच सांगितलेला होता.

या सगळ्याच्या मुळाशी डॉक्टरांचे केसपेपर होते. इतर दवाखान्यांत माणशी एक केसपेपर असतो. आमच्याकडे घराला एक, आणि तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाचा. हे डॉक्टरांचं डोकं नव्हे, आमच्याच लोकांचं. सुरुवातीला त्यांनी एका घरातल्या सुनेचा वेगळा केसपेपर केला होता. संध्याकाळी सासू पदर खोचून दवाखान्यात आली. "सुनेचा कागद वेगळा? आज कागद वेगळा केला, उद्या चूल वेगळी करणार का डॉक्टर?" डॉक्टर हसले. पण सून तो कागद छातीशी धरून घरी गेली आणि महिन्याभरात चूल खरोखरच वेगळी झाली. डॉक्टर असे हबकले की पुन्हा म्हणून घर फोडायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली. कर्ता पुरुष वारला तरी कागद त्याच्याच नावाने चाले. "कागद थोडाच मेला?" असं लोक म्हणत.

मग एका कागदावर अकरा माणसं ओळखायची कशी? त्यासाठी डॉक्टर समासात चित्रं काढत. कमावत्याची खूण मागावरचा धोटा. घरधनिणीची बांगडी, सुनेच्या दोन बांगड्या. म्हाताऱ्याची काठी, म्हातारी असेल तर काठीवर कुंकवाचा ठिपका. मुलीच्या दोन वेण्या, मुलाचा भोवरा, तान्ह्याचा खुळखुळा. चित्रं इतकी झोकात काढलेली असत की ताप लिहायला लागला त्याच्या दुप्पट वेळ वेणीला लागे. हे सारे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत उघड्या फळीवर असत आणि ज्याने त्याने आपला शोधून घ्यावा अशी पद्धत होती.

आता माझ्या घराचा कागद. त्यावर फक्त दोन खुणा, मी मागावर नसल्याने धोट्याऐवजी चष्मा, आणि बांगडी. माझ्या बायकोला लग्नाआधीपासून फिट येत असे. मला हे लग्नानंतर कळलं, आणि जगाला कधीच कळू नये असं मी ठरवलं. गावाकडे फिटेला लोक काय काय म्हणतात ते मला माहीत होतं. डॉक्टरांना मी कुजबुजत सांगितलं आणि त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तिच्या फिटेच्या साऱ्या नोंदी त्यांनी चष्म्याच्या खुणेखाली घातल्या. डबा कोणी उघडला तर फेफरं मास्तरांना आहे असं दिसावं. आणि दुसरं म्हणजे दर रविवारी ते आमच्याकडे बुद्धिबळ खेळायला येऊ लागले. घोडा अडीच घरं जातो हे त्यांना काही केल्या पटत नसे. "घोडा थांबतो कशाला अडीच घरांवर? दमलाय का?" असं विचारत ते पट मांडत, बायकोला तपासत, गोळ्या बदलत, आणि डाव तसाच टाकून उठत. सारी वर्षं धरून आमचा एकही डाव पुरा झाला नाही. बाहेर पडलो की समोरच्या ओट्यावरच्या सुमनकाकू हटकून विचारत, "काय मास्तर, कोण जिंकलं?" मी गंभीरपणे सांगे, "आज डॉक्टर." पुढल्या रविवारी, "आज मी."

डॉक्टरांची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, ती लग्न होऊन कॅनडाला गेली. एके दिवशी तिचं पत्र आलं: दिवस गेले आहेत, बाबा, इकडेच या, कायमचे. जावयाचाही आग्रह होता. पण डॉक्टर जुन्या वळणाचे. "मुलीच्या घरी पाणी पिताना माणूस दोनदा विचार करतो, मास्तर, आणि मी तिथं पलंगावर बसून पोळ्या मोडू? काम करीन तर जाईन." मुलीलाही बापाचा स्वभाव ठाऊक. ती राहत होती त्या प्रांतात खेडोपाडी घरगुती डॉक्टर मिळत नव्हते. तिने तिथल्या समितीकडून नियमांची पुस्तिका मिळवून पाठवून दिली.

पुस्तिका आली तो दिवस मी विसरणार नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून "फॉरेननो कागळ छे!" असं ओरडत आला. वर लिहिलं होतं, 'परदेशात शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांसाठी.' डॉक्टरांनी ती माझ्या हातात दिली. "चुकून दुसऱ्या कोणाची आली. मी औरंगाबादच्या पुढं शिकायला गेलेलो नाही."

"डॉक्टर, त्यांच्या लेखी औरंगाबाद म्हणजेच परदेश."

डॉक्टर खुर्चीत बसले. बाटली कडेला चालली होती, तीसुद्धा त्यांनी मागे घेतली नाही. "म्हणजे मी पंचवीस वर्षं फॉरेनला शिकलेला डॉक्टर आहे," ते सावकाश म्हणाले, "आणि मला कोणी सांगितलं नाही?"

त्यानंतर दर पानाला एक धक्का होता. कॉलेजने गुणपत्रक मोहोरबंद पाकिटात घालून परभारे पाठवायचं, उमेदवाराने हातही लावायचा नाही. "माझे मार्क, आणि मलाच सोवळं?" इथल्या मेडिकल कौन्सिलने लिहून द्यायचं की या माणसाविरुद्ध तक्रार नाही. पूर्वीची परीक्षा चालणार नाही, त्यांची नवी द्यायची. इंग्रजी ऐकता आणि बोलता येतं हे सिद्ध करायचं. मग मुलाखत. तेवढं झालं की एक वर्ष तिथल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काम. आणि हे सगळं वयाची पंचावन्न व्हायच्या आत. डॉक्टरांना बावन्न चालू होतं.

पण माणूस जिद्दीचा. लूमच्या गोंगाटात कानाला टेपरेकॉर्डर लावून ते इंग्रजी संभाषणं ऐकत आणि मधेच एखाद्या पेशंटला "पार्डन?" म्हणत. परीक्षा मुंबईला होती, पास झाले. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत आयुष्यभराच्या सवयीने इतक्या मोठ्याने बोलले की परीक्षक बाई खुर्चीसकट मागे सरकल्या, तरी पास. वाईट बातमी रुग्णाला कशी सांगाल, असं मुलाखतीत विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आधी त्याच्या घरातली माणसं किती जेवली ते विचारतो. मग दोन चहा मागवतो. चहा येईपर्यंत त्याला कळलेलं असतं." हे उत्तर त्या लोकांना फार आवडलं म्हणे. गल्लीत सगळे थक्क झाले होते. आपले डॉक्टर खरंच चालले!

उरली होती एकच अट: प्रत्यक्ष कामाचा पुरावा म्हणून वीस रुग्णांचे केसपेपर, झेरॉक्स आणि इंग्रजी भाषांतरासह. भाषांतर अर्थात माझ्याकडे आलं. शाळा सुटली की मी दवाखान्याच्या मागल्या बाकावर टाइपरायटर घेऊन बसत असे. दोन महिने लागले. मजकूर टाइप होत होता, पण वेण्या आणि बांगड्या काही टाइप होत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, "चिंता नको. एक वेगळं पान करतो." आणि त्यांनी एका जाड पिवळ्या कागदावर साऱ्या खुणा ओळीने काढल्या, प्रत्येकीसमोर इंग्रजीत लिहिलं कोण ते, आणि वर समजावलं की आमच्या भागात घराला एकच कागद असतो, नाव कर्त्याचं, तो वारला तरी त्याचंच. ते पान त्यांनी पाकीट द्यायच्या दिवशी सकाळी माझ्या हातात ठेवलं. "हे सगळ्यांत वर ठेवा, मास्तर. हे नसेल तर बाकीचं सगळं वेड्याचा बाजार."

मी ते खिशात ठेवलं आणि पोस्टात गेलो.

इथवर लिहायला मला फार वर्षं लागली, तेव्हा पुढचं सरळ लिहितो. मी विसरलो नाही. पोस्टातल्या बाकावर बसून मी वीस झेरॉक्स मोजल्या, वीस भाषांतरं मोजली. गोंदाच्या डबीत काडी बुडवली. हात खिशाला लागला, जाड कागद कुरकुरला. मी पाकीट चिकटवलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की हा माणूस गेला तर नव्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तो पट मांडून बसणार नाही, तो बाहेर बोलेल, आणि सुमनकाकू ओट्यावरून वेगळंच काही विचारतील. माझ्या भाषांतरात एक शब्द खोटा नव्हता. इतकं खरं काम मी आयुष्यात केलं नसेल.

साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं. डॉक्टरांनी ते माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. समितीने अतिशय सभ्य भाषेत कळवलं होतं की सदस्यांना धक्का बसला आहे. रुग्ण क्रमांक चार, पुरुष, वय सेहेचाळीस, यंत्रमाग कामगार: या रुग्णाला एकाच वर्षात दुधाचे दात आले, मोतीबिंदू झाला, सुखरूप प्रसूती झाली आणि अंगावरचं दूध कमी पडतं अशी त्याची तक्रार आहे. रुग्ण क्रमांक अकरा मार्चमध्ये हृदयविकाराने मरण पावला असून एप्रिलमध्ये त्याला खरूज झाली आहे. रुग्ण क्रमांक सतरा याला न्हाण आलं त्याच आठवड्यात त्याचं प्रोस्टेटचं दुखणं वाढलं. सबब हे कागद खरे मानता येत नाहीत. यावर काही खुलासा असल्यास नव्वद दिवसांत पाठवावा.

बाकावरचे पेशंट आधी खो खो हसले. डॉक्टरही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग रुमालाने तोंड पुसून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, खुणांचं पान टाकलं होतं ना?"

माझ्या हातात कागद होता. त्यावर लिहिलं होतं नव्वद दिवस. एक वाक्य बोललो असतो तर सगळं दुरुस्त झालं असतं.

मी म्हणालो, "हो. सगळ्यांत वर."

डॉक्टरांनी माझ्या हातातून पत्र घेतलं. मग म्हणाले, "पान वाचूनही त्यांना कळलं नाही. एका कागदावर एक घर राहतं हे ज्यांना सांगूनही कळत नाही, त्यांना आणखी काय खुलासा करायचा? आणि तिथं जाऊन मी तपासणार कोणाला?" त्यांनी पत्राची घडी घातली आणि बाटली मागे सारली. नव्वद दिवस गेले. पंचावन्नही उलटली. खुणांचं पान माझ्या टेबलाच्या खणात, वहीखाली.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात शहरात प्लेग आला तेव्हा लोक मिळेल त्या गाडीने पळाले, बऱ्याच दवाखान्यांना कुलपं लागली. मीही बायकोला घेऊन गावी पळालो. डॉक्टर तोंडाला रुमाल बांधून तिथेच बसले. लूम बंद होते, म्हणत, "पहिल्यांदाच सगळ्यांच्या छात्या नीट ऐकू आल्या." पुढे गल्लीत जो तो म्हणे, "बरं झालं डॉक्टर फॉरेनला गेले नाहीत." हे वाक्य मी कितीतरी महिने औषधासारखं घेतलं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर. गुण आला नाही.

डॉक्टरांची नात चार वर्षांची झाली. दर रविवारी ते एसटीडी बूथमधून तिच्याशी बोलत. एकदा मी बाहेर उभा होतो. काचेतून मला दिसलं, डॉक्टर रिसीव्हरमध्ये म्हणत होते, "आ कर. मोठा आ." तिकडून पोरीने केला असावा. डॉक्टर डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "लाल नाहीये. छान आहे घसा." बाहेर येऊन मला म्हणाले, "सर्दी आहे तिला. पण काही विशेष नाही," आणि चष्मा पुसत बसले.

मी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. खणातून पान काढून तिच्यापुढे ठेवलं. तिला दुःख होईल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी अनोळखी माणूस घरात शिरलो आहे.

"माझ्या फिटेसाठी? तुम्ही डॉक्टरांना माझ्या नावावर अडवलं?"

"लोकांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?" ती ओरडली, आणि रागावली की ती माहेरच्या अहिराणीत शिरते. "बठ्ठी गल्लीले माहीत शे! तुमलेच माहीत नही!"

मी पान उचललं. तिने सांगितलं ते असं: लग्नानंतरची पहिली फिट तिला दुसऱ्याच महिन्यात नळावर आली होती, मी शाळेत असताना. सुमनकाकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. मी शाळेत असेपर्यंत कोणी ना कोणी भाजी निवडायच्या निमित्ताने आमच्या घरी बसे. "आणि ते 'कोण जिंकलं?'" मी विचारलं. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून विचारायच्या. तुम्ही इतकं मनापासून सांगायचे. आत जाऊन हसायच्या, काय करणार!"

ज्या गुपितासाठी मी एका माणसाची नात त्याच्यापासून तोडली, ते गुपित गल्लीतल्या नळाला ठाऊक होतं.

बायको म्हणाली, "चला." आम्ही दवाखान्यात गेलो. नेमकी वीज गेलेली होती. छातीवाल्यांची रांग होती. मी रांगेत थांबलो. माझी पाळी आली तेव्हा मी पिवळं पान टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. किती वाक्यं बोललो आठवत नाही. लूम बंद होते, त्यामुळे सगळ्या बाकाने ऐकलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. त्यांनी पान हातात घेतलं, खालून वर, वरून खाली पाहिलं. "खाटेखाली साप निघावा तसं झालं," एवढंच पुटपुटले. मग म्हणाले, "बांगडी बरी काढली होती मी."

"डॉक्टर, यांना माहीतच नव्हतं, सगळ्यांना ठाऊक आहे ते," बायको रडत म्हणाली.

"मला माहीत होतं, ताई."

"मग तुम्ही पट का मांडत होतात?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला बुद्धिबळ आवडतं."

मग त्यांनी डबा ओढला, आमचा कागद काढला आणि पेन घेऊन बसले. फिटेच्या एकेका नोंदीपुढचा चष्मा खोडून त्यांनी तिथे बांगडी काढायला सुरुवात केली. वर्षावर्षांच्या नोंदी. एकेक बांगडी गोल, सावकाश. रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही. सगळ्या झाल्यावर माझ्या नावाच्या कागदावर माझी अशी एकही नोंद उरली नाही. तेव्हा त्यांनी तळाशी एक नवा चष्मा काढला, त्यापुढे तारीख घातली आणि लिहिलं, 'आज स्वतः सांगितलं.' औषधाची जागा कोरी ठेवली.

"याला माझ्याकडे काही नाही, मास्तर," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पण रविवारी या."

मी गेलो. त्यानंतर पट त्यांच्याकडे मांडला जाई. ते पूर्वीपेक्षा कमी बोलत, आणि घोडा बरोबर अडीच घरं चालवत. मला ते फार लागे.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले, झोपेतच. मुलगी आली, नात बरोबर होती. तेरावा झाल्यावर मुलीने एक डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात एकच केसपेपर होता, डॉक्टरांच्या स्वतःच्या घराचा. "मास्तरकाका, बाबांच्या खुणा तुम्हालाच कळतात. वाचून दाखवाल?"

मी वाचू लागलो. बांगडीच्या नोंदी एका जागी संपत होत्या. दोन वेण्यांना गोवर, दोन वेण्यांचा दात पडला, दोन वेण्या सासरी गेल्या. आणि मग, जिथे मला कोरा समास असेल असं वाटलं होतं, तिथे खुळखुळा होता. पानभर खुळखुळे, मागल्या बाजूलाही. जन्म, पत्रावरून. पहिला दात, पत्रावरून. पडली, गुडघा फुटला, फोनवरून. मुलगी तोंडावर पदर धरून ऐकत होती. तिला तेव्हा सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, की मुली, तुझे बाबा तिथे असायला हवे होते, आणि ते नव्हते याचं कारण तुझ्यासमोर चष्मा लावून बसलं आहे. मी सांगितलं नाही. रोग जुना. ती मराठी वाचते, म्हणून हे लिहिलं.

मी एकेक ओळ वाचत गेलो. एका नोंदीवर मात्र मी थांबलो, आणि तिने कागद हातातून घेऊन ती स्वतःच वाचली. खुळखुळा, अगदी बारीक काढलेला, आणि पुढे डॉक्टरांचं तिरकं अक्षर: 'ताप, एकशे दोन. पत्रावरून. पत्र इथे पोचेपर्यंत उतरला असेल.'